पुलाच्या दगडावर महादूचं नाव

हरबन्स,

तुझ्या भोगाला आलो होतो. तुमच्यात माणूस गेल्यावर पाठ पुरा करून भोग घालतात, तिथे. गुरुद्वाऱ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो, डोक्याला रुमाल, एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी. पुढे एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. एक म्हणाला, फार शांत माणूस. दुसरा म्हणाला, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. तुझ्या गल्लीतला तो बँकवाला तर म्हणाला, सरदारजी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. मी शेजारच्याला विचारलं, भोग हरबन्ससिंगचाच आहे ना? मी चुकून दुसरीकडे तर आलो नाही? तो माझ्याकडे बघतच राहिला.

तू कुणाचं ऐकलंस रे? माझं तर वीस वर्षांत एक ऐकलं नाहीस. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तुला सगळ्यांनी मिळून गरीब गाय करून टाकलं. मला ते सोसलं नाही. लंगर न जेवता उठून आलो. तुझ्या बायकोने, सुरजीतने हाक मारली, पण मी थांबलो नाही. तिला वाटलं असेल, मी रडतोय. रडत नव्हतो, राग आला होता.

म्हणून हे लिहितो आहे. मराठीत लिहितो, कारण मला दुसरं लिहिता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं फौजेने शिकवलं आणि फौजेने जे शिकवलं ते लिहून दाखवायचं नसतं. तुला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. आता तोही प्रश्न राहिला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापतो म्हणाले. छापू देत. तुला ओळखणारं त्यांच्यात कोणी नाही, पण निदान खोटं तरी कोणी वाचणार नाही.

खडकीला आपण रंगरूट म्हणून एका बराकीत पडलो, तेव्हा तुला मराठीतलं एकच वाक्य येत होतं, "अजून एक भाकरी दे." ते तुला आचाऱ्याने शिकवलं होतं. वर्षभरात तू माझ्यापेक्षा जास्त शिव्या शिकलास आणि त्या अशा तोंडभर द्यायचास, की सातारचा माणूससुद्धा वळून बघायचा. मला तू कधी नावाने हाक मारली नाहीस. "काय रे धायगुड्या." हवालदार झालो तरी धायगुड्या, म्हातारा झालो तरी धायगुड्या. पेन्शनीनंतर आपण दोघं इथे चंदीगडला तीस सेक्टरच्या त्या सरकारी प्रयोगशाळेच्या गेटवर चौकीदार लागलो, तेव्हा आतले शास्त्रज्ञ लोक गाडीची काच खाली करून मला "धायगुडेजी" म्हणायचे आणि तू मागून हसायचास. "जी म्हणतायत तुला. यांना अजून माहीत नाही."

मुलगा इथे नोकरीला, म्हणून मी इथे राहिलो, असं मी गावाकडे सांगतो. खरं म्हणजे गावात जाऊन भांडायला कोण होतं? भावाभावांचं भांडण जमिनीवरून असतं, त्यात काही अर्थ नसतो. आपलं भांडण वेगळं होतं. ते कशावरून होतं, हे लोकांना कळावं म्हणून त्या संध्याकाळचं सांगतो. तुला माहीत आहे, तरी ऐक. तसंही तू ते माझ्या तोंडून कधी नीट ऐकलं नाहीस.

एकाहत्तरचा डिसेंबर. सीमेच्या अंगाला नदीवर पूल. ज्याच्या हातात तो पूल, त्याच्या हातात अलीकडचा सगळा मुलूख. आपली इंजिनियरांची कंपनी. पूल बांधणं हे आपलं काम, आणि शत्रू चढून आला तर तोच पूल उडवणं हेही आपलंच. बारूद बांधून ठेवली होती. स्फोटाच्या पेटीपाशी तू खड्ड्यात बसला होतास, हुकूम आला की मूठ फिरवायची. मी उजव्या हाताला बांधावर, किकरीच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या झाडाखाली. तोफांचा मारा सुरू झाला आणि पलीकडच्या टोकाला तार तुटली. तार तुटलेली म्हणजे तू मूठ फिरवलीस तरी पूल जागचा हलणार नाही. जोड द्यायला महादू गेला. महादू म्हणजे माझ्या शेवंताचा पाठचा भाऊ. भरतीला मीच आणला होता त्याला.

तो पळत गेला. धुकं होतं, धूर होता, उजेड संपत आला होता. गोळा फुटला की तेवढ्यापुरतं दिसायचं. त्या उजेडात मी त्याला पाहिलं. त्याने हात वर केला, म्हणजे जोड झाला. मग पलीकडून मशीनगन चालली. तो कठड्याला पाठ लावून खाली बसला आणि त्याची मान छातीवर पडली. नंतरच्या गोळ्याच्या उजेडात तो तसाच होता. त्याच्या नंतरच्या उजेडातही तसाच. मग हुकूम आला, तू मूठ फिरवलीस. महादूने जोड दिला होता म्हणून पूल उडाला. पूल उडाला म्हणून ते नदी ओलांडू शकले नाहीत. लढाई थांबेपर्यंत पलीकडचा काठ त्यांच्याकडे होता. महादू सापडला नाही. कागदावर लिहिलं, लापता.

हे मी तुला किती वेळा सांगितलं. मूठ फिरण्याआधी तो गेला होता, हरबन्स. मी पाहिलं.

आणि दर वेळी तुझं एकच उत्तर. "बसलेला माणूस मेलेला नसतो."

"मान पडली होती."

"मान झोपेतही पडते. गेटवर तुझी रोज पडते."

"मी डोळ्यांनी बघितलं."

"धुक्यात, धुरात, नदीच्या पलीकडचं. धायगुड्या, तुला गेटवर गाडीचा नंबर दिसत नाही."

"आता दिसत नाही. तेव्हा दिसत होतं."

मग तू चहाचा कप खाली ठेवायचास आणि म्हणायचास, "मला बरं वाटावं म्हणून तू हे सांगतोस." तिथे आपलं बोलणं संपायचं, कारण माझं डोकं फिरायचं. कुणाला बरं वाटावं म्हणून मी आयुष्यात काही बोललेलो नाही. शेवंताला विचार. तुला बरं वाटावं म्हणून तर अजिबातच नाही. मला खोटारडा म्हणतोस? बाहेरच्याने म्हटलं असतं तर मी हात उचलला असता. तू म्हणालास, म्हणून वीस वर्षं गिळलं.

पुलापाशी आपल्या कंपनीने लढाईनंतर स्वतःच्या हाताने चबुतरा बांधला. पुलाच्याच पडलेल्या विटा, वर सिमेंटची पाटी, पाटीवर रंगाने सहा नावं. पावसाने रंग जायचा, दर डिसेंबरात आपण जाऊन पुन्हा भरायचो. महादूचं नाव त्यात नव्हतं. तू घालू दिलं नाहीस. ज्याचं प्रेत मिळालं नाही, त्याचं नाव दगडावर घालायचं नाही, पलीकडच्या कुठल्या तुरुंगात असेल, उद्या येईल. आला आणि त्याने स्वतःचं नाव वाचलं तर?

त्या दिवशी आपण जुने लोक चबुतऱ्यापुढे रांग धरून गिनती घ्यायचो, पलटणीत घेतात तशी. नावं मी पुकारायचो. प्रत्येक नावाला सगळे मिळून "हाजिर" म्हणायचे. सहा झाली की मी मुद्दाम सातवं पुकारायचो, महादूचं. रांग गप्प. आणि तू एकटा, नाकासमोर बघत, ओरडायचास, "छुट्टी." रजेवर गेलेल्या जवानाचं नाव आलं की सेक्शनचा हवालदार देतो तसं. मला वाटायचं, जाऊन तुझी गचांडी धरावी. एकदा धरलीही होती. लोकांनी सोडवलं, मग बसमध्ये शेजारची जागा म्हणून बसावं लागलं, आणि लुधियाना येईपर्यंत तू माझ्याच खांद्यावर झोपलास.

बारा वर्षं झाल्यावर गावाकडे महादूच्या घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून दहन केलं. आमच्याकडे हरवलेल्या माणसाचं असं करतात, म्हणजे घरातल्यांना पुढचं जगता येतं. महादूच्या बायकोने त्या दिवशी कुंकू पुसलं. मी परत आलो, तुला सांगितलं. तू दोन महिने माझ्याशी बोलला नाहीस. एकाच गेटवर, एकाच बाकावर. चहा दोघांना एकाच किटलीतून यायचा. चहावाल्याला सांगायचास, "यांना विचार साखर घेणार का." वीस वर्षं मी बिनसाखरेचा पितो, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?

मला कळत होतं, तू का असा करतोस. सगळ्या कंपनीला कळत होतं. मूठ तू फिरवली होतीस. नाव दगडावर आलं, की तो पुलावर मेला असं ठरणार. पुलावर मेला म्हणजे कशाने मेला, हा प्रश्न तू रात्रंदिवस स्वतःला विचारत होतास, आणि मी तुला उत्तर देत होतो तर ते घेत नव्हतास. हुकूम होता, हरबन्स. तो जिवंत असता तरी हुकूम होता. पण तसं नव्हतंच ना.

तू असा एकटाच बसायचास म्हणून मी चिडायचो, असंही असेल. चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात दिल्लीहून बातम्या यायला लागल्या. शेवंता म्हणाली, भाऊजींना, सुरजीतला इकडे घेऊन या. मी आलो तर तू म्हणालास, "माझं घर सोडून मी कुठे जाणार नाही. हे चंदीगड आहे." मी म्हटलं, बरं. तुझ्या दारात खुर्ची टाकून बसलो. तू आतून दार लावून घेतलंस. "मला पहारा नको. मी स्वतः पहारेकरी आहे." मी उठलो नाही. तीन दिवस सुरजीत आधी आत तुला चहा देई, मग बाहेर मला. इथे काही झालं नाही. चौथ्या दिवशी तू दार उघडून म्हणालास, "खुर्ची माझी आहे. आत आण." त्यावर कधी बोललो नाही आपण. बोलायचं कशाला?

मग पुढची सालं आली. पेपरात रोज आकडे. संध्याकाळी रस्ते रिकामे. गावातल्या पोरांच्या हातात बंदुका, आणि वर्दीतल्या पोरांच्याही. तू म्हणायचास, "लढाईत निदान समोरचा कोण ते कळायचं." एका डिसेंबरात पुलाकडे जाताना बस नाक्यावर थांबवली. वर्दीवाले चढले, तुला आणि अजून तिघा सरदारांना खाली उतरवलं. तुझी झडती घेतली, पिशवीतून रंगाचा डबा आणि ब्रश निघाला. हे कशाला, विचारलं. तू सांगितलंस, नावं रंगवायला. कुणाची? तू सहाही नावं म्हणून दाखवलीस. मी खिडकीतून ओरडलो, हवालदार आहे तो, पदकं आहेत त्याला. तू मराठीत मला म्हणालास, "गप बस, धायगुड्या. त्यांना काम करू दे." वर आलास, बसलास. रंगाचा डबा पिशवीत नीट ठेवलास आणि म्हणालास, "बसमधले सगळे दुसरीकडे बघत होते. तू एकटा माझ्याकडे बघत होतास. तू पण दुसरीकडे बघायला पाहिजे होतंस." मला तेव्हा कळलं नाही. आता थोडंसं कळतं.

या वर्षी आपल्या कंपनीचे आताचे कॅप्टनसाहेब गेटवर आले. नागपूरकडचे, आपल्या पोरांच्या वयाचे. म्हणाले, पाटी काढून पक्का दगड बसवायचा आहे, इथे जवळच मनीमाजऱ्यात कोरायला दिला आहे. सहा नावं की सात, हे कंपनीच्या जुन्या लोकांनी ठरवावं, आणि त्यांच्यातले इथे तुम्हीच दोघं. एकमताने सांगा, म्हणाले. एकमत म्हणे. ते गेल्यावर तू कितीतरी वेळ हसत होतास.

मग एकदम विचारलंस, "तू नक्की कुठे उभा होतास?"

"बांधावर. किकरीखाली."

"ती किकर अजून आहे."

"असू दे. मग?"

"मग जाऊन बघतो."

"काय बघतोस?"

"तिथून काय दिसतं ते. आपण पूल टाकायच्या आधी काय करतो? काठावर उभं राहून बघतो. पलीकडे माणूस उभा करतो. हे वीस वर्षांत मला सुचलं नाही. तोंडाने भांडत बसलो."

मी म्हटलं, डोळ्याची पट्टी सुटू दे, दोघं जाऊ. तू म्हणालास, "तू बरोबर असलास की तुझंच बघावं लागतं. मला माझं बघू दे."

"जा तर. बघ आणि ये. मग बोल."

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. चांगलं की वाईट, मला सांगता येत नाही. नेहमीसारखं होतं.

पुढचं मला पुलाच्या चौकीवरच्या नाईकाने सांगितलं. पिकल्या मिशांचा, समजूतदार माणूस. तू दुपारी पोहोचलास. चबुतऱ्याला हात लावलास. मग त्याला म्हणालास, माझं एक काम कर. त्याला पुन्हा बांधलेल्या पुलावरून पलीकडच्या टोकाला पाठवलंस आणि तू बांधावर किकरीखाली जाऊन उभा राहिलास. तिथून हाताने खुणा. हात वर कर. खाली बस. कठड्याला पाठ लाव. मान टाक. तो म्हणाला, मला वाटलं बाबाजी खेळ करतायत, पण त्यांचा चेहरा बघितला आणि गप ऐकलं. उजेड होता तेव्हा एकदा करून घेतलंस. मग थांबलास. धुकं उतरेपर्यंत, उजेड जाईपर्यंत थांबलास, आणि पुन्हा त्याला पाठवलंस. मशालीसारखं काहीतरी पेटवायला सांगितलंस, क्षणभर, आणि विझवायला. पुन्हा पेटवायला. मग परत आलास, चहा घेतलास. तो म्हणाला, "मैंने पूछा, बाबाजी, दिखा क्या? कुछ बोले नहीं."

तू नेहमी दुपारच्या बसने परतायचास. त्या रस्त्याला अंधारात कोणी जात नाही, हे तुला मी सांगायची गरज नव्हती. नाईक म्हणाला, रात्री चौकीवर झोपा, सकाळी जा. तू म्हणालास, नाही, आजच पोहोचायचं आहे, चंदीगडमध्ये एक जण वाट बघतोय. शेवटची बस धरलीस.

लुधियानाच्या अलीकडे बस अडवली. कंडक्टरने सांगितलं ते इतकंच. बंदुकवाले चढले, पगडी नसलेली माणसं निवडून खाली उतरवायला लागले. तुला म्हणाले, बाबाजी, तुम्ही बसा. तू उठलास. काय बोललास ते त्याला ऐकू गेलं नाही, तो सीटखाली होता. बाकीचं मी लिहीत नाही. ज्यांना उतरवलं त्यांच्यातलाही कोणी वाचला नाही, एवढं लिहितो, कारण तुझ्या भोगाला कोणीतरी "बलिदान सार्थ झालं" म्हणालं. काही सार्थ झालं नाही. तू उठलास, कारण तुला कोणी बस म्हटलं की तू उठायचास.

पण मला झोप लागत नाही ती या गोष्टीने नाही. तू बघितलंस. जिथे मी होतो तिथे, त्याच वेळेला, तसल्याच धुक्यात उभं राहून बघितलंस. तुला दिसलं तरी असेल किंवा दिसलं नसेल. उत्तर घेऊन बसमध्ये बसलास. आणि घाई कसली होती तुला? कधी वाटतं, धायगुड्या खोटारडा ठरला, हे सांगायला तू सकाळपर्यंत थांबला असतास, सावकाश, नाष्टा करून आला असतास. मग वाटतं, नाही, तेच सांगायला तू अंधारात धावत आला असतास. तुला मी ओळखतो आणि तरी मला हे कळत नाही. चाळीस वर्षांची ओळख या एका ठिकाणी कामाला येत नाही.

तुला दिसलं असेल तर तू हलका झाला असशील. बसमध्ये तो एक तासभर तरी. तेवढं झालं असलं तर बास. नसेल झालं तर मी काय करू शकतो?

भोगानंतर कॅप्टनसाहेब घरी आले. चाचरत म्हणाले, काका, कोरणारा थांबला आहे. आता तुम्हीच सांगायचं. मी म्हटलं, दोन दिवस द्या. ते गेले. शेवंता स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "काय सांगणार आहात?"

"विचार करतो."

"तुमच्या दोघांच्या भांडणात वीस वर्षं माझा भाऊ त्या पुलावर अडकलाय. इकडेही नाही, तिकडेही नाही. भाऊजी चांगले होते. पण महादू माझा होता. त्यांचा नव्हता, तुमचाही नव्हता."

मी म्हटलं, "हरबन्स नाही म्हणायचा."

"म्हणू दे. तुम्ही काय म्हणायचात? त्याचं मान खाली घालून बसणं तुम्ही पाहिलंत की नाही पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग झालं."

मनीमाजऱ्याला गेलो. बाहेर धुळीत दगड उभा केला होता, सहा नावं तयार. कोरणाऱ्याने सातवं विचारलं, मी महादूचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. त्याने खडूने लिहिलं आणि विचारलं, बरोबर? मी एका डोळ्याने बघत होतो, तरी वाचलं. बरोबर होतं. त्याने छिन्नी लावली, तेव्हा मी तिथून हललो. तू नसताना जिंकलो, असं लोकांना वाटेल. मी ते जिंकणं धरत नाही. समोर दुसरा माणूस लागतो त्याला.

परवा फौजी ट्रकमधून दगड नेला. पुढेमागे पहारा. जीपमध्ये मी, शेवंता आणि सुरजीत. सुरजीत स्वतःहून आली. मी तिला म्हटलं नव्हतं, कोणत्या तोंडाने म्हणणार? वाटेत ती म्हणाली, "भाईसाब, इन्होंने आपके बिना कभी चाय का दूसरा कप नहीं पिया." शेवंताने तिचा हात धरला.

जुने लोक फारसे आले नव्हते, आताच्या दिवसांत कोण येणार? दगड बसवला, सिमेंट ओलं होतं. शेवंताला वाचता येत नाही. तिने विचारलं, कुठलं? मी बोट ठेवलं. तिने त्यावर हात फिरवला, एकदाच, पीठ पुसावं तसा. मग तिथेच मातीत बसली आणि सुरजीत तिच्याजवळ बसली.

कॅप्टनसाहेब कागद घेऊन उभे राहिले. चांगलं बोलले, थोडक्यात बोलले. शेवटी वाचलं, की कंपनीच्या सर्व जुन्या जवानांच्या संमतीने आज हे सातवं नाव इथे कोरलं जात आहे.

मी हात वर केला.

"बोला काका."

"साहेब, सर्वांच्या नाही. हरबन्ससिंगची संमती नव्हती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी आवाज खाली आणला. "काका, ते आता नाहीत."

"नाही म्हणून तर मी सांगतोय. असता तर त्याने स्वतः सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने. नाव मी घातलंय, माझ्या डोळ्यांच्या जोरावर. त्याचं म्हणणं वेगळं होतं. ते गेलं म्हणून माझ्या बाजूला धरायचं नाही."

नदीवरून वारा येत होता, कागद फडफडला. साहेबांनी तो घडी करून खिशात ठेवला. मग सावधानमध्ये उभे राहिले आणि ते वाक्य पुन्हा म्हणाले, बदलून. तुझं नाव घेऊन, तुझ्या हुद्द्यासकट, हवालदार हरबन्ससिंग यांचा विरोध नोंदवून.